चार रुपयांचं बोंडलं

काटा ४३.७ वर येऊन थांबला. सराफांनी बोंडलं उचललं, उलटं केलं, चोचीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "इथे डाख लागलाय, म्हणजे सांधलंय. जुना माल, टंच, म्हणजे शुद्धता, काढल्याशिवाय काही सांगता यायचं नाही. पण ताई, घट वजा जाता यात फार काही हाताला लागणार नाही."

मला ते मोडायचं नव्हतंच. चुलतभाऊ त्याच्या वाटणीचं ताट मोडीत द्यायला निघाला होता. चांदीनं किलोला लाखाचा आकडा ओलांडल्यापासून घरोघरच्या कपाटांना जाग आली, तशी त्याच्याही कपाटाला आली. जातेच आहे सोबत, तर आपल्या बोंडल्याचं नेमकं वजन तरी करून घेऊ, एवढाच माझा विचार. घरचा काटा केकचा मैदा मोजायचा. त्याच्यावर माझा विश्वास नाही, आणि वाटणीच्या दिवसापासून तर मुळीच नाही.

'अजून काय बोंडल्यानं दूध पितोस?' हे आपण सगळेच ऐकून आहोत, पण बोंडलं पाहिलेले आता थोडेच. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं लहानसं भांडं. वाटीसारखं पोट आणि एका बाजूला लांब निघालेली चोच. पितळेचं असे, कुणाकडे काशाचं, ऐपत असेल तर चांदीचं. बाळाच्या ओठाच्या कोपऱ्याशी चोच टेकवायची, भांडं जरासं कलतं करायचं आणि बाळ गिळेल त्या गतीनं धार सोडायची. बाटली आली आणि बोंडलं माळ्यावर गेलं. म्हण तेवढी खाली राहिली.

आमचं बोंडलं माझ्याकडे आलं ते पासंग म्हणून. आजीचं घर विकलं तेव्हा चांदीची वाटणी झाली. पलंगावर पांढरी चादर अंथरून ताटं, वाट्या, फुलपात्रं, तबक, निरांजनं, गुलाबदाणी-अत्तरदाणी असं सगळं मांडलं होतं. चार घरं, चार ढीग. कुणाला काय आवडतं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडणं झाली असती, म्हणून सगळं वजनावर. माझा ढीग चाळीसेक ग्रॅमनं कमी भरला. थोरल्या काकूनं इकडे तिकडे पाहिलं, चादरीच्या कोपऱ्यात पडलेलं बोंडलं उचललं आणि माझ्या ढिगावर टाकलं. "घे. झालं बरोबर." चारशे ग्रॅमचं तबक ज्यांच्याकडे गेलं त्यांच्याबद्दल मला तेव्हा थोडी असूया वाटली होती, हे कबूल करते.

पुढची तीन वर्षं बोंडल्यात सेफ्टी पिना होत्या. शिवणाच्या डब्यात ते अगदी बेतात बसायचं.

---

एका दिवाळीत चांदी घासायला काढली, तेव्हा पिना ओतून तेही घासलं. नळाखाली धरलं, पाणी भरलं आणि ओतून दिलं. ओतताना हात थांबला. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. मग पाचसहा वेळा नुसता तोच खेळ.

धार संपते तिथे चोचीच्या टोकाला एक थेंब लोंबतो. कुठल्याही भांड्याचा हा शेवटचा थेंब चोचीच्या खालच्या अंगाला चिकटतो आणि पोटावरून ओघळत येतो. किटलीनं चहा ओतल्यावर मेजावर जे गोल डाग पडतात ते या थेंबाचे. बोंडल्याचा थेंब ओघळत नव्हता. भांडं सरळ केलं की तो टोकाशी क्षणभर थरथरायचा आणि गपकन आत परत जायचा. खालचं अंग कोरडं.

मी चष्मा लावून चोच उजेडात धरली. वरून ओठ गोल होता, कडा कुठे लागत नव्हती. तो बाळाच्या हिरडीवर टेकायचा म्हणजे तसाच हवा. पण बोट खालून फिरवलं तर ओठाच्या पाठीमागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, एक बारीक खाच होती. आडवी, चोचीच्या रुंदीइतकी. नखाला जाणवेल, डोळ्याला सहसा दिसणार नाही अशी.

चोच का गळते, यावर भौतिकशास्त्राच्या लोकांनी गंभीरपणे डोकं लावलेलं आहे. थोडक्यात सांगायचं तर कड गोलसर असली की द्रव पदार्थ तिला चिकटून वळतो आणि मागे येतो. कड तीक्ष्ण असली की धार तुटते. म्हणजे दूध गळू नये असं वाटत असेल तर कड धारदार हवी, आणि बाळाला लागू नये असं वाटत असेल तर गोल. दोन्ही एकदम कसं व्हायचं? ज्या माणसानं हे बोंडलं घडवलं, त्यानं वरची बाजू बाळाला दिली आणि खालची दुधाला.

पिना त्या दिवसापासून प्लास्टिकच्या डबीत गेल्या.

---

हे कुणी केलं ते नावानं माहीत नाही. कुठे आणि कशाचं केलं ते माहीत आहे, कारण आजी ते दर बाळंतपणात सांगायची. तिचं माहेर संगमनेर. पहिलं बाळंतपण माहेरी, १९३४ साली, माझ्या थोरल्या आत्याच्या वेळी. पणजीनं गाठोड्यातले चार राणीछाप रुपये काढले, दगडावर एकेक वाजवून पाहिला आणि बाजारपेठेतल्या सोनाराला नेऊन दिले. "यातच कर, दुसरी चांदी घालू नको," अशी ताकीद देऊन. आजी सांगायची, पणजी नंतर दुकानात जाऊन बसली आणि मुशीत रुपये वितळेपर्यंत उठली नाही. राणीचा चेहरा आधी मऊ झाला, मग गालाकडून बसला, मग नुसता पारा. पणजीनं पाहिलेलं आजी सांगायची आणि आजीचं मी सांगते आहे, तेव्हा राणीचा गाल कुणाच्या तोंडी बसला ते देव जाणे.

रुपयाची गंमत अशी की तो नाणंही होता आणि वजनही. १८३५ पासून कंपनी सरकारचा आणि पुढे राणीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बरोब्बर एक तोळा. त्यात अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. त्यामुळे घरच्या बायकांना शुद्धतेचा हिशेब वेगळा करावा लागत नसे. चार रुपये दिले की चार तोळे वजनाचं, ठरलेल्या टंचाचं भांडं मिळायला हवं, हे न शिकलेल्या पणजीलाही कळत होतं. हा सरळ हिशेब १९४० साली बिघडला. युद्धाच्या काळात रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. आत्या सहासात वर्षं उशिरा जन्मली असती तर पणजीला गाठोड्यातलं जुनं नाणं नव्यातून निवडून घ्यावं लागलं असतं.

चार गुणिले ११.६६ म्हणजे ४६.६ ग्रॅम. सराफांचा काटा म्हणाला ४३.७. तीनेक ग्रॅम कुठे गेले याचा विचार मी घरी येताना बसमध्ये करत होते. काही सोनाराच्या कानशीखाली गेले असतील. तो कीस तो फेकत नसतोच. काही नव्वद वर्षांच्या घासण्यात. आजी चांदी घासायची ती चिंचेनं आणि रांगोळीनं, आणि रांगोळी म्हणजे दगडाची पूड. दर दिवाळीला चांदीचा एक पापुद्रा तिच्या हाताखालून मोरीत जात होता. उलट डाखाची भर पडली असणार ती वेगळी. हिशेब काही लागला नाही.

---

भांडं वाचता येतं, हे मला पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं दाखवलं. आता त्यांचे हात कापतात, काम मुलगा बघतो, तोही बहुतेक यंत्रावरचं. मी बोंडलं त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी आधी डोळे मिटले. अंगठा आत घातला आणि पोटापासून चोचीपर्यंत सावकाश फिरवला.

"एका पत्र्याचं आहे," ते म्हणाले. "चोचसुद्धा."

मला वाटलं होतं की वाटी वेगळी केली असेल, नळी वेगळी, आणि मग जोड दिला असेल. आजकाल तसंच करतात, ते म्हणाले. वाटी साच्यात दाबून काढायची, पन्हळ वळवायची, झाळून टाकायची, अर्ध्या तासाचं काम. हे तसं नाही. आधी रुपयांची लगड ओतायची, ती ठोकून पत्रा काढायचा आणि तो कापताना गोल न कापता एका बाजूला जीभ सोडायची. "पिंपळाचं पान बघा, तसं." मग लाकडी ठोकळ्यातल्या खळग्यात ते पान ठेवून मधोमध ठोकत जायचं, की पोट खाली बसतं. मग लोखंडी मेखेवर उलटं घालून बाहेरून ठोके द्यायचे. पोट वर येतं, कड जाड राहते, आणि जीभ दोन्ही बाजूंनी आत घेत घेत चोच निघते.

चांदी ठोकत गेलं की ताठर होते. त्यांचा शब्द वेगळा होता: "रुसते." रुसलेल्या चांदीवर हातोडा चालवला की ती कडेला चिरते. मग तिला ताव द्यायचा. शेगडीत मंद लाल होईपर्यंत तापवायची आणि पाण्यात सोडायची, की पुन्हा ऐकायला तयार. तो मंद लाल रंग उन्हात दिसत नाही. थोडा जास्त ताव लागला तर चांदी बसलीच म्हणून समजा, शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते आणि रुपयाची तांबं मिसळलेली चांदी त्याच्या आधीच. म्हणून दुकानात अंधार लागतो. लहानपणी सोनाराची दुकानं इतकी काळोखी का असतात हे कोडं मला पडायचं. मला वाटायचं, सोनं दिसू नये म्हणून.

"हे एवढंसं काढायला किती ताव लागले असतील?"

त्यांनी चोच नखानं टिचकी मारून वाजवली. "पोटाला तीनचार. चोचीला आठदहा तरी. वेडा होता."

वेडा हा शब्द त्यांनी ज्या आवाजात म्हटला, त्या आवाजात मी तो फक्त गाण्याच्या मैफलीत ऐकला आहे.

मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि मला तिथलं दाखवायला सुरुवात केली जे मी तीन वर्षांत पाहिलंच नव्हतं. बाहेरच्या अंगावर ठोक्यांच्या ओळी आहेत, तिळाएवढे चपटे ठसे, एकाला एक लागून. तांबट घागरीवर मठारकाम करतात तेच, पण इतकं बारीक की नुसत्या डोळ्याला ते उजेडातलं पाणी वाटतं. ओळी बुडाशी सुरू होतात आणि गोल फिरत वर जातात, चोचीपाशी येऊन मात्र फाटतात: अर्ध्या डावीकडून, अर्ध्या उजवीकडून, नदीच्या मधोमध खडक असावा तशा. त्या टोकाला पुन्हा भेटतात. "हात कुठेही उचललेला नाही," ते म्हणाले. मला ते पटायला वेळ लागला, कारण हातोडीचा हात तर प्रत्येक ठोक्याला उचलावाच लागतो. त्यांना अभिप्रेत होतं ते लक्ष.

नक्षी जवळजवळ नाही. काठाच्या खाली एक रेघ, आणि चोच निघते तिथे दोन बाजूंना दोन पानं, तीही छिन्नीच्या चार चार फटक्यांत काढलेली. मला हे आवडतं. हल्ली बारशाला ज्या वाट्या येतात त्यांवर कार्टूनचं चित्र, त्याभोवती फुलं, त्याभोवती जाळी, आणि पत्रा इतका पातळ की बोटानं दाबला तर बसतो. बोंडल्याच्या घडणाऱ्याकडे नक्षीचा हात नव्हता असं नाही. ती पानं पाहिली की कळतं. त्यानं ती दोनच ठेवली, आणि अशा जागी ठेवली की पाजताना बोटं घसरू नयेत.

डाखाबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं. चोचीच्या मुळाशी एक पिवळट रेघ आहे. कधीतरी बोंडलं पडलं, चीर गेली आणि कुणीतरी ती सांधली. डाखात तांबं-पितळ जास्त असतं, म्हणून ती रेघ चांदीच्या आधी काळवंडते. "हा दुसरा हात. याला घाई होती." सवागी, म्हणजे डाख लावताना वापरायचा टाकणखार, नीट धुतलेली नाही, वरचा डाख कानशीनं सपाट करताना दोन ठोक्यांच्या ओळी खाऊन टाकल्या आहेत. त्या नव्वद वर्षांपैकी कुठल्या तरी दिवशीच्या एका अनोळखी माणसावर ते इतके चिडले की मलाच त्याची बाजू घ्यावीशी वाटली. घरात तान्हं मूल रडत असेल, बाई दारात उभी असेल, घाई होणारच.

खाच त्यांना मी दाखवली नाही. त्यांची त्यांनाच सापडली. नख तिथे अडलं, तसे ते थांबले. भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग मुलाला हाक मारली. "इकडे ये. हे बघ. कानस नाही ही. ठोकून पाडलीय."

मुलगा आला, पाहिलं, "हं" म्हणाला आणि मशीनवर परत गेला.

---

संगमनेरपासून जवळच, प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये तिथे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि तिथल्या खापरांवरून एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव पडलं. साधारण इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० हा तिचा काळ. जोर्व्याची भांडी लाल, त्यांवर काळ्या रेघा, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. या भांड्यांतला ओळखीचा आकार कोणता, तर चोचीचा. गोल पोट, पसरट तोंड, आणि अंगातून तिरकी वर निघालेली लांब नळी.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मी ती पाहिली तेव्हा पिशवीतलं बोंडलं काढून काचेला लावावंसं वाटलं होतं. लावलं नाही. ती भांडी बाळांना पाजायची होती असं कुणी म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. पण तिथेच इनामगावचं दफनही आहे. घोड नदीकाठच्या त्या वस्तीत मेलेली तान्ही मुलं घराच्या जमिनीखालीच पुरत, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांच्या पोटात मूल. घराबाहेर नाही, दूर नाही, चुलीपासून चार पावलांवर. ती दोन मडकी पाहिल्यावर चोचीच्या भांड्याकडे नुसतं आकार म्हणून पाहणं मला जमलं नाही.

दूर जर्मनीत, बव्हेरियातल्या मुलांच्या थडग्यांत अशीच मूठभर आकाराची चोचीची मातीची भांडी सापडली आहेत, कांस्य आणि लोहयुगातली. २०१९ मध्ये त्यांतल्या काहींच्या आतला थर तपासला तेव्हा त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश निघाले. तिथे म्हणजे शंका उरली नाही. कुणीतरी आपल्या बाळाला गायीचं किंवा शेळीचं दूध पाजलं होतं, आणि बाळ गेल्यावर भांडंही सोबत दिलं होतं.

भांड्यांची ही ओढ अजब असते. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या दिनकर केळकरांनी उभी हयात दिवे, अडकित्ते, वज्र्या, करंडे गोळा केले, म्हणजे ज्यांना राजेरजवाडे गोळा करणारे हातही लावणार नाहीत अशा घरगुती वस्तू. आणि १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' हा राजा नव्हे, त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. पाय घासायच्या वज्रीवर मोर बसवणारा कारागीर आणि त्या वज्रीसाठी गावोगाव फिरणारा माणूस, या दोघांनाही मी त्या कपाटांसमोर उभी राहून बराच वेळ मनातल्या मनात नमस्कार करते.

---

एक चूक सांगायला हवी. माझ्या ढिगात बोंडल्याबरोबर एक करंडाही आला होता, कमळाच्या आकाराचा. तो काळा पडला म्हणून मी एका दुकानात पॉलिशला टाकला. संध्याकाळी परत मिळाला तो लख्ख. इतका लख्ख की पाकळ्यांच्या शिरा गेल्या होत्या. यंत्राच्या फिरत्या चाकावर धरून त्याला गुळगुळीत केलं होतं, पावसात भिजलेल्या साबणासारखा. दुकानदार खुशीत होता आणि मी पैसे देऊन बाहेर आले. काय बोलणार? त्याच्या मते त्यानं उत्तमच काम केलं होतं.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं. अंडं, कांदा, लोकर, रबर, सगळ्यांत तो थोडाफार असतो; चांदीचे चमचे रबरबँड लावून ठेवले तर रबरबँडचा काळा शिक्का उमटतो. घासून तो थर काढला की त्याबरोबर चांदीही जाते. उलट अॅल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि कढत पाणी यांत भांडं बुडवलं की गंधक अॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागी चांदी होते. करंड्यानंतर मी हे शिकले. बोंडल्याला तेही क्वचितच करते. पानांच्या रेघांतला आणि खाचेतला काळेपणा तसाच ठेवते, नाहीतर ती दिसणार कशी?

आजीला हे पटलं नसतं. काळी चांदी म्हणजे घरात बाई नाही, असं तिचं मत होतं.

तिची दुसरी मतं मात्र आता मला जास्त कळतात. बोंडल्याचं बूड गोल आहे, ते ओट्यावर सरळ बसत नाही, मागे कलतं आणि चोच आकाशाकडे करतं. लहानपणी मी विचारलं होतं की याला बैठक का नाही. ती म्हणाली, "दूध घातलं की खाली ठेवायचं नसतं." म्हणजे दूध घालून बाळाला पाळण्यात सोडून दुसऱ्या कामाला जायचं नाही, भांडंच जाऊ देणार नाही. आणि दूध फार गरम आहे का हे ती चाखून पाहत नसे. बोंडलं धरलेल्या अंगठ्यालाच ते कळायचं. धातूंमध्ये सगळ्यांत चांगली उष्णता वाहते ती चांदीतून, स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपटींहून अधिक. दुधाचा ताप चांदीत लपून राहत नाही.

आत कोपरा नाही, सांधा नाही, बोट सगळीकडे पोचतं, एका फडक्यात स्वच्छ. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात लांब रबरी नळीच्या काचेच्या बाटल्या निघाल्या होत्या, बाळानं आपलं आपण चोखत पडावं म्हणून. नळीत अडकलेलं दूध धुऊन निघेना, त्यात जंतू वाढत आणि मुलं दगावत. लोक त्यांना खुनी बाटल्या म्हणू लागले, तरी कितीतरी वर्षं त्या विकल्या जात होत्या. त्या काळातली ती मोठी आधुनिक वस्तू होती.

---

गेल्या वर्षी भाचीची मुलगी सात आठवडे आधी जन्मली, तेहतिसाव्या आठवड्यात. ३४ आठवड्यांच्या आसपासपर्यंत बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालता येत नाही. नळीतून दूध, मग थोडी ताकद आल्यावर आईचं काढलेलं दूध भांड्यानं. बाटलीला तिथे मज्जाव. भिंतीवर १९९२ च्या कायद्याचा तक्ताच लावलेला होता, ज्यानं दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायलाही बंदी घातली आहे. आणि सिस्टरनं ट्रेमधून काढलं काय, तर बोंडलं. स्टीलचं. त्या तमिळनाडूच्या होत्या, त्या त्याला 'पालाडै' म्हणायच्या. मी आपलं म्हटलं, "आमच्याकडे बोंडलं म्हणतात." "बोंडला," त्या हसून म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

त्यांचा हात सराईत होता. ओठाच्या कोपऱ्याशी टेकवायचं, तीन थेंब, थांबायचं, बाळानं गिळलं की पुन्हा तीन. पण स्टीलची चोच साच्यातली, ओठ सपाट. दर वेळी शेवटचा थेंब खालून ओघळायचा आणि हनुवटीखालून मानेत जायचा. त्या दर वेळी गॉजचा बोळा घेऊन तो टिपायच्या. पाजायचं एकूण वीस मिली, त्यातलं किती मानेत गेलं याचा हिशेब भाची डोळ्यांनी करत होती. तिच्या दुधाचा एकेक थेंब त्या आठवड्यात मोलाचा होता.

घरी आल्यावर मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. चांदीचं चालेल, नीट उकळून घ्या, म्हणाले. चिरेची जागा कारागिरांना दाखवून आणली. दुसऱ्या हातावर पुन्हा एकदा चिडून त्यांनी ती पक्की असल्याचं सांगितलं, पण तिकडून पाजू नका म्हणाले, जणू चोच दोन बाजूंनी असते. बोंडलं वीस मिनिटं पातेल्यात खडखडत उकळलं.

भाची पलंगावर उशीला टेकून बसली. तिनं बोंडलं कधी हातात धरलं नव्हतं. मी सांगणार होते, पण तिची बोटं आपसूक त्या दोन पानांवर जाऊन बसली. चोच टेकवली. मुलीनं तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढली, मग गिळलं. भाची थांबली. थेंब टोकाशी लोंबला, थरथरला आणि आत गेला.

तिला खाचेबद्दल मी काहीच सांगितलं नव्हतं. वीस मिनिटांनी तिनं दुपट्याचा कोपरा उचलून पाहिला, बोटांनी चाचपला. कोरडा होता.

"धुते मी," म्हणत मी बोंडलं घेतलं.

"आत्या," ती डोळे मिटूनच म्हणाली, "रांगोळीनं नको हं घासूस."